लोहाराचा हातोडा आणि लिलावाचा हातोडा

कलावंताची हयातींत उपेक्षा व्हावी आणि तो गेल्यावर त्याच्या कृतींना सोन्याचा भाव यावा, हा प्रकार आतां इतका परिचयाचा झाला आहे कीं, त्यांत कांहीं विपरीत आहे असें कोणास वाटेनासें झालें आहे. उलट, काळ हाच खरा न्यायाधीश असें म्हणून आपण त्या वाढत्या भावाकडे समाधानानें पाहतों आणि मृताचें ऋण फिटलें असें मानून मोकळे होतों. चित्रकाराच्या किंवा मूर्तिकाराच्या बाबतींत ही समजूत एक वेळ चालून जाईल; कारण चित्र शंभर वर्षांनीं पाहिलें तरी तें चित्रच राहतें. परंतु ज्यानें शाळेंतल्या मुलांसाठीं बांकें केलीं, वसतिगृहांतल्या विद्यार्थ्यांसाठीं खाटा केल्या आणि युद्धांत घर गमावलेल्या कुटुंबांसाठीं घरें केलीं, त्याच्या बाबतींत हा काळाचा न्याय न्याय ठरतो काय? आमच्या मतें तो न्याय नसून दुसरा अन्याय आहे. आणि तो पहिल्यापेक्षां अधिक घातक आहे, कारण तो सन्मानाच्या वेषांत येतो.

आम्ही म्हणतों ते गृहस्थ म्हणजे फ्रान्समधील झाँ प्रूव्हे. खुर्च्या, मेजें, दिवे, खाटा, कपाटें आणि अखेर सबंध घरें, हा त्यांचा जन्माचा उद्योग. आज पॅरिस, लंडन व न्यू यॉर्क येथील लिलावांत त्यांच्या नांवाचा उच्चार होतांच धनिकांचे हात वर होतात. त्यांच्यासंबंधीं बोलतांना एक ठराविक कथा सांगितली जाते : एक प्रतिभावान् कारागीर होता, त्याच्या काळाला तो कळला नाहीं, आणि आमच्या रसिकतेनें त्याला अखेर ओळखलें. ही कथा जितकी गोड तितकीच फसवी आहे, असें आमचें म्हणणें आहे. आणि तें सिद्ध करावयाचें तर त्यांची कारकीर्दच क्रमानें पाहिली पाहिजे.

प्रूव्हे यांचा जन्म ८ एप्रिल १९०१ रोजीं पॅरिसमध्यें झाला. पण ते वाढले लोरेन प्रांतांतील नाँसी या शहरीं. त्यांचे वडील व्हिक्तॉर प्रूव्हे हे चित्रकार, आणि 'नाँसी संप्रदाय' या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या कलावंतमंडळाचे एक अग्रणी. काचकामाबद्दल विख्यात असलेले एमिल गाले १९०४ सालीं वारले, त्यानंतर त्या मंडळाचें अध्यक्षपद त्यांच्याकडेच आलें. कला ही केवळ चौकटींत टांगण्याची वस्तु नसून ती घरांतल्या दिव्यांत, मेजांत, भांड्यांत उतरली पाहिजे आणि उद्योगधंद्याशीं तिनें सोयरीक केली पाहिजे, अशी या मंडळाची प्रतिज्ञा होती. हेतु उदात्त खरा; परंतु त्यांतून निघालेलीं नाजुक जडावकामाचीं मेजें अखेर सुखवस्तूंच्या दिवाणखान्यांतच गेलीं. ज्या वस्तूला कुशल हात महिनोन् महिने लागतात ती वस्तु सर्वांची होऊं शकत नाहीं, हें अर्थशास्त्र प्रतिज्ञेनें बदलत नाहीं. मुलानें बापाचा हेतु उचलला आणि बापाच्या पिढीचीं वेलपानें टाकून दिलीं. पितृऋण फेडण्याची याहून प्रामाणिक रीत आम्हांस तरी ठाऊक नाहीं.

मुलाच्या मनांत इंजिनियर व्हावयाचें होतें. पण पहिलें महायुद्ध आणि घरची परिस्थिति आड आली, व १९१६ सालीं तो एमिल रोबेर या नामांकित लोहाराच्या भट्टीवर उमेदवारीस राहिला. पुढें पॅरिसमध्यें दुसऱ्या एका कारागिराकडे कांहीं काळ आणि नंतर लष्करी सेवा, असा क्रम आटोपून त्यानें १९२४ सालीं नाँसींत स्वतःचा कारखाना काढला. आरंभीं काम आलें तें जाळ्यांचें, कठड्यांचें आणि फाटकांचें. पण ऐरणीवर तापलेलें लोखंड ठोकून त्याचीं फुलें करण्यांत या तरुणाचें मन रमेना. त्याची दृष्टि वळली ती पोलादाच्या पातळ पत्र्याकडे, पत्रा मुडपणाऱ्या यंत्राकडे आणि विजेच्या जोडकामाकडे.

येथें थोडें तंत्र सांगणें अवश्य आहे. कारण आमचा सारा वाद त्यावरच उभा आहे. कागदाचा ताव हातांत उभा धरला तर तो लुळा पडतो. त्याच तावास मधोमध एक घडी घातली कीं तो ताठ राहतो आणि थोडेंबहुत वजनहि पेलतो. प्रूव्हे यांची विद्या या घडींत सांठवलेली आहे. त्या काळीं जर्मनींतील नवे रचनाकार पोलादी नळी वाकवून खुर्च्या करीत आणि त्यांचा जगभर बोलबाला होत होता. परंतु नळीची जाडी सर्वत्र सारखीच. भार मात्र सर्वत्र सारखा नसतो. मुडपलेला पत्रा जेथें भार अधिक तेथें रुंद व जेथें कमी तेथें निमुळता करतां येतो. थोड्या धातूंत अधिक बळ, असा हा हिशेब आहे.

या हिशेबाचें उत्तम उदाहरण म्हणजे त्यांनीं १९३४ च्या सुमारास बसविलेली साधी खुर्ची. खुर्चीवर बसणारा माणूस मागें रेलतो. पाठीचा व धडाचा भार मागच्या पायांवर येतो. वर्गांतला विद्यार्थी तर खुर्ची मागच्या दोन पायांवर झुलविल्याशिवाय राहतच नाहीं! म्हणून प्रूव्हे यांनीं पुढचे पाय साध्या बारीक नळीचे ठेवले आणि मागचे पाय मुडपलेल्या पत्र्याचे, पोकळ, बैठकीपाशीं रुंद होत जाणारे असे केले. दुसऱ्या महायुद्धांत पोलाद मिळेनासें झालें, तेव्हां हीच खुर्ची त्यांनीं सबंध लांकडाची केली. बाजूनें पाहिल्यास त्या मागच्या पायाचा त्रिकोण मोठा डौलदार दिसतो हें खरें. पण तो डौल कोणाच्या लहरींतून आलेला नाहीं. माणसाच्या वजनानें तो काढला आहे.

त्यांच्या भिंतीवरच्या दिव्याचीहि तीच गोष्ट. भिंतीला एक आधार, त्यांतून फिरणारा दोनएक मीटर लांबीचा लोखंडी दांडा, त्याला सांवरणारा एक ताण, आणि टोंकाला उघडा दिवा. बस्, एवढेंच! दांडा हवा तिकडे वळवावा आणि खोलींत जेथें वाचावयाचें, जेवावयाचें किंवा लिहावयाचें असेल तेथें उजेड न्यावा. छताला भोंक पाडणें नको, जमिनीवर जागा अडणें नको. चार दिव्यांचें काम एका दिव्याकडून करून घेण्याची ही काटकसर आहे.

आणि ही काटकसर कोणासाठीं होती? १९३० नंतरच्या पहिल्या वर्षांत नाँसीच्या विद्यार्थिवसतिगृहासाठीं, आणि १९५४-५५ मध्यें पॅरिसनजीक आंतोनी येथील विद्यापीठवस्तीसाठीं खाटा, मेजें, फडताळें त्यांच्याकडून घेण्यांत आलीं. शाळांसाठीं बांकें, कचेऱ्यांसाठीं टेबलें, हा त्यांच्या कारखान्याचा रोजचा व्यवसाय. पॅरिसलगतच्या क्लिशी या कामगारवस्तींत १९३५ ते १९३९ या काळांत जें 'लोकगृह' उभें राहिलें, त्यांतहि वास्तुशास्त्रज्ञ बोदुआँ व लॉद्स आणि इंजिनियर बोद्यान्स्की यांच्याबरोबर प्रूव्हे यांचा हात होता. खालीं मंडई, वरती सभागृह. मधली जमीन बाजूस सारतां येते, छप्पर सरकवितां येतें, अशी ती इमारत आहे. या सर्व यादींत राजवाडा कोठेंहि नाहीं, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

महायुद्धांत प्रूव्हे जर्मनांविरुद्ध प्रतिकार करणाऱ्यांच्या गटांत सामील झाले होते. १९४४ सालीं नाँसी मुक्त झालें तेव्हां कांहीं काळ त्या शहराचें महापौरपद त्यांच्याकडे आलें. लोरेनमध्यें गांवेंच्या गांवें बेचिराख झालीं होतीं. पुनर्रचना खात्याच्या मागणीवरून त्यांनीं सहा मीटर लांब व सहा मीटर रुंद अशीं घरें तयार केलीं. मध्यें मुडपलेल्या पोलादाची दुपायी कमान, तिच्यावर आढें, भोंवतीं लांकडी तावदानें. थोडींशीं माणसें एका दिवसांत तें घर उभें करीत आणि हवें तेव्हां उकलून दुसरीकडे नेत. पडलेल्या घराच्या जागेवरच कुटुंबाला छप्पर मिळावें, त्याला छावणींत कोंबावें लागूं नये, हा त्यांतला माणुसकीचा विचार. १९४७ मध्यें नाँसीनजीक मॅक्सेव्हिल येथें त्यांचा मोठा कारखाना सुरू झाला. आरेखन करणारा आणि पत्रा कापणारा तेथें एकाच छपराखालीं काम करीत. कागदावर काढलेली वस्तु लगेच करून पाहावी, मोडते कोठें तें पाहावें, आणि पुनः काढावी, ही त्या कारखान्याची शाळा होती.

ही शाळा मोडली कशी, तें आतां पाहूं. कारण पहिला अन्याय तो हाच. पॅरिसजवळ मदाँ येथें सरकारनें त्यांच्याकडून चौदा घरांची लहानशी वसाहत करवून घेतली आणि तेथेंच हात आखडता घेतला. फ्रान्सला लाखों घरें हवीं होतीं. परंतु राज्यकर्त्यांची भक्ति जडली सिमेंट-काँक्रीटच्या अवजड चाळींवर. इकडे कारखाना वाढविण्यासाठीं ॲल्युमिनियमच्या व्यापाऱ्यांचें भांडवल आंत घेतलेलें. त्यांना हवा होता आपल्या धातूचा खप. आरेखनाचा विभाग व कारखाना यांची त्यांनीं ताटातूट केली, आणि ज्याच्या नांवानें तो कारखाना चालत होता त्यालाच १९५३ मध्यें त्यांतून बाहेर पडावें लागलें. प्रूव्हे तेव्हां बावन्न वर्षांचे होते. पुढच्याच वर्षीं नाँसींतल्या एका चढणीच्या जागेवर त्यांनीं आपल्या कुटुंबासाठीं घर बांधलें. त्यासाठीं कारखान्यांतले उरलेसुरले भाग वापरले आणि घरच्यांची व मित्रांची मदत घेतली. ज्यानें देशासाठीं हजारों घरें करावयाचीं, त्याच्या वांट्यास कारखान्याच्या उरल्यासुरल्या मालांतून स्वतःचें एक घर आलें.

याच १९५४ सालच्या हिवाळ्यांत पॅरिसच्या एका हमरस्त्यावर एक बाई थंडीनें गारठून मेली. घरांतून काढून टाकल्याचा हुकूम तिच्या हातांत होता. १ फेब्रुवारी रोजीं आबे पिएर या धर्मगुरूंनीं नभोवाणीवरून केलेल्या आवाहनानें सारा देश हालला. त्यांच्याच सांगण्यावरून प्रूव्हे यांनीं स्वस्त घराचा एक नमुना तयार केला. मध्यभागीं स्नानगृह व स्वयंपाकघर सामावणारा एक धातूचा गाभा, त्यानेंच छप्पर तोलावयाचें, भोंवतीं लांकडाच्या भिंती. १९५६ मध्यें सीन नदीच्या कांठीं लोकांच्या डोळ्यांदेखत हें घर सात तासांत उभें राहिलें. लोकांनीं वाहवा केली, आणि सरकारी खात्यानें मान्यता दिली नाहीं. स्नानगृह घराच्या मधोमध असणें नियमांत बसेना. उघड्यावर गारठून मरणें मात्र कोणत्या नियमांत बसत होतें, तें त्या खात्यानें सांगितल्याचें आमच्या वाचनांत नाहीं!

येथवर ठराविक कथाहि आमच्या बरोबर चालेल. काळाला ते कळले नाहींत, असें ती म्हणेल. आमचा पहिला आक्षेप येथेंच आहे. काळाला ते चांगले कळले होते. कामगारांना कळले, विद्यार्थ्यांना कळले, सीनच्या कांठीं जमलेल्या गर्दीला कळले. कळले नाहींत ते सही करण्याचा अधिकार ज्यांच्या हातीं होता त्यांना, किंवा कळूनहि त्यांच्या हिशेबांत ते बसले नाहींत. मूठभर माणसांचा दोष सबंध काळाच्या माथीं मारणें हा त्या मूठभरांना निर्दोष सोडण्याचा मोठा सोईचा मार्ग आहे.

आतां दुसरा अन्याय पाहूं. वसाहतींतील उष्ण प्रदेशांसाठीं प्रूव्हे यांनीं १९४९ ते १९५१ या काळांत ॲल्युमिनियमच्या पत्र्याचें घर योजिलें होतें. त्याचे तीन नमुने नायजरमधील नियामे व कांगोमधील ब्राझाव्हिल येथें विमानानें नेऊन उभारण्यांत आले. पुढें पन्नास वर्षें तीं घरें तेथें राबलीं व झिजलीं. मग युरोपांतील व्यापाऱ्यांना त्यांचा सुगावा लागला. घरें उकलून फ्रान्सला आणलीं, घांसूनपुसून नवीं केलीं, आणि त्यांतील एक २००७ च्या जून महिन्यांत न्यू यॉर्क येथें लिलावांत ४९ लक्ष ६८ हजार डॉलरांस विकलें गेलें. वसतिगृहांतून मोडीत काढलेल्या खाटा, शाळांतून फेंकलेलीं बांकें यांचीहि हीच कथा. ज्यावर मुलांनीं शाई सांडली, तें मेज आज शाईच्या डागासकट दिवाणखान्यांत विराजमान होतें.

ज्या रांजणांतून पांथस्थांनीं पाणी प्यावें, तो पाणपोईचा रांजण कोणी हौशी श्रीमंतानें उचलून आपल्या दिवाणखान्यांत फुलदाणी म्हणून ठेवावा, आणि पाणपोई घालणाऱ्याचा आपण केवढा गौरव केला असें वर म्हणावें, तशांतला हा प्रकार आहे. रांजणाला इजा झाली नाहीं हें कबूल. पण पाणपोईचें काय झालें?

आमच्या या म्हणण्यावर तीन आक्षेप येतात. ते दुर्बळ नाहींत. म्हणून त्यांचा परामर्श घेणें अवश्य आहे.

पहिला आक्षेप असा कीं, व्यापाऱ्यांनीं या वस्तु उचलल्या नसत्या तर त्या भंगारांत वितळल्या असत्या. तेव्हां त्यांना दोष देणें कृतघ्नपणाचें आहे. वस्तु वांचल्या हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु वांचलें काय आणि बुडालें काय, याचा हिशेब दोन्ही बाजूंनीं मांडला पाहिजे. वांचली ती वस्तु. बुडाली ती रीत. प्रूव्हे यांच्या लेखीं एकुलती एक खुर्ची ही खुर्चीच नव्हे. ती हजारांतली एक असली तरच तिच्या घडीला अर्थ. लिलावाला मात्र उलट हवें असतें. त्याला वस्तु दुर्मिळ हवी; हजार निघाल्या कीं त्याचा भाव कोसळतो. म्हणजे ज्या विपुलतेसाठीं हा माणूस जन्मभर झगडला, तिच्या अभावावरच आज त्याची कीर्ति विकली जाते. लोहाराचा हातोडा वस्तूंची संख्या वाढविण्यासाठीं पडत होता. लिलावाचा हातोडा ती कमी असल्याबद्दल पैसे मोजून घेतो. दोन्ही हातोडेच, पण त्यांचे घाव परस्परविरुद्ध आहेत. स्वित्झर्लंडमधील व्हिट्रा ही कंपनी २००२ पासून कुटुंबीयांच्या सहकार्यानें त्यांच्या खुर्च्या व दिवे पुनः काढते. काम उत्तम असतें. तरीहि त्या वस्तूंचा बाजार आज शोभिवंत घरांचा आहे, शाळांचा नव्हे.

दुसरा आक्षेप अर्थशास्त्रज्ञांचा. प्रूव्हे यांचीं घरें स्वस्त नव्हतींच, मग बाजारानें तीं नाकारलीं यांत अन्याय कसला? यांत तथ्य आहे. आफ्रिकेंत पाठविलेलें घर स्थानिक बांधकामापेक्षां स्वस्त पडलें नाहीं, आणि तेथील फ्रेंच अधिकाऱ्यांना त्याचें कारखानी रूपहि रुचलें नाहीं. परंतु यंत्रानें केलेल्या वस्तूची किंमत संख्येवर ठरते, हें ज्या अर्थशास्त्राला ठाऊक आहे त्यानें तीन नमुन्यांच्या खर्चावरून निकाल द्यावा, हें नवल नव्हे काय? मोटारीच्या पहिल्या तीन नमुन्यांच्या खर्चावर तिचें भवितव्य ठरविलें असतें तर आज जग बैलगाडींतूनच फिरलें असतें. घरें चौदा मागवावयाचीं आणि भाव चौदा हजारांचा मागावयाचा, हा व्यवहार नव्हे.

तिसरा आक्षेप रसिकांचा, आणि आम्हांला तोच सर्वांत विघातक वाटतो. ते म्हणतात, वस्तु सुंदर आहे. ती कोणासाठीं केली होती याच्याशीं सौंदर्याला काय कर्तव्य? खुर्चीला शिल्प म्हणून पाहिलें तर बिघडलें कोठें? बिघडतें तें येथेंच. मागच्या पायाची ती जाडी, तो निमुळतेपणा, हें सारें माणसाच्या भाराचें उत्तर आहे. प्रश्न पुसून टाकून उत्तराची पूजा करणारा रसिक त्या आकाराला लहर ठरवितो आणि कर्त्याची बुद्धि नाकारून त्याच्या हाताचें तेवढें कौतुक करतो. ज्या खुर्चीवर कोणी बसावयाचें नाहीं तिचे मागचे पाय रुंद कशाला? उपयोग हा प्रूव्हे यांच्या सौंदर्याचा पाया आहे. पाया काढून घेऊन शिखर हवेंत तरंगत ठेवण्याची किमया कोणत्याहि रसिकतेला साधलेली नाहीं.

येथें एक सावधगिरीहि बाळगली पाहिजे. लिलाववाल्यांनीं त्यांना शिल्पकार केलें म्हणून आपण त्यांना संत करूं नये. वसाहतींतलें तें घर आफ्रिकी शेतकऱ्यासाठीं नव्हतें. तें राज्य करावयास गेलेल्या फ्रेंच नोकरशाहीसाठीं होतें. तें तेथें गेलें फ्रेंच सत्तेच्या जोरावर आणि परत आलें पैशाच्या जोरावर. दोन्ही वेळां तेथील लोकांकडे निर्णय नव्हता. २००७ च्या व्हेनिस प्रदर्शनांत आंजेला फेरेइरा या कलावतीनें याच उचलेगिरीवर आपलें काम मांडलें, तें योग्यच झालें. प्रूव्हे यांची थोरवी त्यांच्या निष्कलंकपणांत नाहीं. ती त्यांच्या पद्धतींत आहे, आणि पद्धत ही कोणालाहि उचलतां येते, अगदीं ज्यांच्यावर राज्य केलें त्यांनाहि.

हा प्रश्न परक्यांचा म्हणून आपण हात झटकावे, अशीहि सोय उरलेली नाहीं. प्रूव्हे यांचे महायुद्धकाळांतील सहकारी पिएर झानरे हे १९५१ मध्यें चंदीगडच्या उभारणीसाठीं आले आणि १९६५ पर्यंत तेथें राहिले. त्यांच्या इच्छेप्रमाणें त्यांच्या अस्थि सुखना तलावांत विसर्जित करण्यांत आल्या. तेथील कचेऱ्यांसाठीं व विद्यापीठासाठीं सागवानाच्या व वेताच्या हजारों खुर्च्या त्यांच्या देखरेखीखालीं इकडच्याच सुतारांनीं केल्या. पुढें त्या मोडक्या म्हणून गच्च्यांवर रचल्या गेल्या, भंगाराच्या भावानें विकल्या गेल्या, आणि परदेशांतील लिलावांत त्यांना अफाट किंमत आल्यावर आपल्याकडे एकच ओरड झाली : आमचा वारसा चोरीस गेला! सरकारनें विक्रीवर निर्बंध घातले, वर्तमानपत्रांनीं अग्रलेख लिहिले. हें सारें ठीक. परंतु गच्चीवर पावसांत कुजत असतां ज्या खुर्चीची आपणांस किंमत नव्हती, तिची किंमत आपणांस परक्याच्या हातोड्यानें कळावी, हा आपल्या सुशिक्षितपणाचा कोणता पुरावा? आणि त्याहून महत्त्वाचा प्रश्न तर कोणींच विचारला नाहीं. इकडच्या लांकडांत, इकडच्या वेतांत, इकडच्या सुताराच्या हातून शाळेला परवडेल अशी भक्कम खुर्ची एकदां झाली होती. ती आज पुनः कां होऊं नये? वारसा म्हणून जपावयाची ती गोष्ट ही होती. आपण जपूं लागलों तीं खुर्च्यांचीं लांकडें.

आमचें मागणें कांहीं मोठें नाहीं. ज्यांना प्रूव्हे यांचा सन्मान करावयाचा आहे त्यांनीं त्यांच्या उत्तरायुष्याकडे पाहावें. त्यांच्याकडे वास्तुशास्त्राची पदवी नव्हती. ते स्वतःस केवळ 'बांधणारा' म्हणवीत. अशा या माणसानें १९५७ ते १९७० या काळांत पॅरिसच्या राष्ट्रीय कलाकौशल्य विद्यालयांत दिवसा नोकरी करून संध्याकाळीं शिकणाऱ्यांपुढें व्याख्यानें दिलीं. फळ्यावर खडूनें वस्तु काढून दाखवावी, ती कां उभी राहते आणि कां पडते तें सांगावें, अशी ती शिकवण होती. १९७१ मध्यें पाँपिदू केंद्राच्या स्पर्धेच्या परीक्षक-मंडळाचे ते अध्यक्ष होते, आणि ६८१ योजनांतून पियानो व रॉजर्स या दोन तरुणांची योजना निवडली गेली. आपला सांगाडा, आपल्या नळ्या व जिने उघडपणें अंगावर मिरविणारी ती इमारत, बांधणी लपवूं नये या शिकवणीचेंच फळ नव्हे काय? २३ मार्च १९८४ रोजीं नाँसी येथें ते वारले, तेव्हां त्यांच्या मागें राहिली ती हीच शिकवण. ती फुकट होती. म्हणूनच बहुधा तिला कोणी बोली लावली नाहीं.

घरोघरीं नवें सामान घेतांना आपण रंग पाहतों, चकाकी पाहतों, शेजाऱ्याकडे काय आहे तें पाहतों. खुर्ची उलटी करून तिचा सांधा पाहणारा सुशिक्षित माणूस आमच्या पाहण्यांत विरळाच. ती कोणीं केली, किती लांकूड वा लोखंड व्यर्थ गेलें, मोडल्यास दुरुस्त होईल काय, आणि हाच गुण दहा हजार घरांना परवडेल अशा भावांत देतां येईल काय, हे प्रश्न विचारूं लागणें हाच प्रूव्हे यांना देतां येण्यासारखा खरा मान आहे. शाळेच्या मंडळावर, नगरपालिकेंत, वसतिगृहाच्या समितींत जे आपल्यासारखेच पांढरपेशे बसतात, त्यांनीं सामानाच्या मागणीपत्रावर सही करतांना ते विचारले, तर सीनच्या कांठीं सात तासांत उभें राहिलेल्या त्या घराला मिळाली नाहीं ती मान्यता त्याच्या पद्धतीला उशिरां कां होईना मिळेल. खुर्चीचें मोल लिलावाच्या आंकड्यानें ठरत नाहीं. तिच्यावर किती माणसें बसलीं आणि ती किती वर्षें टिकली, यानें ठरतें. हा हिशेब जो समाज विसरतो, त्याच्या संग्रहालयांत खुर्च्या पुष्कळ असतात आणि त्याचीं मुलें जमिनीवर बसतात.